प्रवरेचे पाणी आणि काठावरचा माणूस

वसंत व्याख्यानमाला ज्या दिवसांत भरते, नेमक्या त्याच दिवसांत आपल्या जिल्ह्यातली पोरे पाण्यात उतरतात. परीक्षा आटोपलेल्या असतात, शाळांना सुट्ट्या लागलेल्या असतात, ऊन मी म्हणत असते. संध्याकाळी आपण येथे गार वाऱ्यात बसून भाषणे ऐकत असतो, आणि त्याच वेळी कोठल्या तरी गावाच्या नदीकाठी कपड्यांची दोन गाठोडी व चपलांचे दोन जोड बेवारशासारखे पडून असतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चार ओळी येतात. त्यांत पुष्कळदा एक वाक्य असते : 'त्याला पोहता येत होते, तरी तो बुडाला.' मला आज त्या 'तरी'विषयी बोलावयाचे आहे.

इतिहास शिकविणाऱ्या माणसाने हा विषय का घ्यावा, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, पोहणे ही विद्या आपल्याकडे पुस्तकातून आलेली नाही. ती मामाकडून भाच्याकडे, थोरल्याकडून धाकट्याकडे आली. अशी विद्या ज्या पाण्यावर बेतलेली असते, ते पाणीच मध्यंतरी पालटले, तर शिकणारा फसतो आणि आपण फसलो हे त्याला कळतही नाही. आपल्या जिल्ह्यात गेल्या शंभर वर्षांत पाणी पालटले. आपली पाण्याविषयीची समजूत मात्र शंभर वर्षांपूर्वीचीच राहिली.

प्रथम आपल्या शहराकडे पाहू. मलिक अहमदाने १४९० साली हे शहर वसविले ते सीनेच्या काठी. जिल्ह्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले. मी मात्र बोलण्याच्या ओघात नगरच म्हणेन, त्याची क्षमा असावी. सीना ही वर्षातले थोडेच महिने नदी असते. निजामशाहीने म्हणून दूरच्या खेड्यांतून खापरी नळांनी पाणी आणले, हौद भरले, आणि १५८३ साली पुरा झालेला फराहबागेचा महाल तर तळ्याच्या मधोमध उभा केला. ते तळे आज कोरडे आहे. तात्पर्य, नगरच्या माणसाला पाणी ठाऊक झाले ते नळातले आणि हौदातले. वाहत्या पाण्याशी ज्यांची रोजची गाठ, ते लोक अकोले, संगमनेर, राहुरी, नेवासे, कोपरगाव या भागांतले. आणि गंमत अशी की, नदीकाठची ही मुलेसुद्धा पोहायला शिकत ती नदीत नव्हे, विहिरीत.

माझे आजोळ प्रवरेकाठचे. मोट नुकतीच थांबून इंजिन आले होते, त्या काळातली ही गोष्ट. विहिरीचे थारोळे, धाव, सगळे शाबूत होते. मामा आम्हां भाच्यांना वैशाखात सकाळच्या प्रहरी तेथे नेई. वाळविलेले दोन दुध्या भोपळे पाठीला बांधावयाचे, आणि कमरेला मोटेचा जुना दोर. दोराचे दुसरे टोक मामाच्या हातात. तो स्वतः पाण्यात उतरत नसे; वर थारोळ्याच्या दगडाला पाय रोवून बसे. चारपाच दिवसांनी एक भोपळा जाई. आणखी आठवड्याने दुसरा. दोर मात्र शेवटपर्यंत कमरेला असे. अगदी पोर थारोळ्यावरून मुटका मारण्याइतके धीट झाले तरी. ज्यांच्याकडे भोपळे नसत ते पांगाऱ्याचे हलके लाकूड बांधीत. पुढे रॉकेलचे रिकामे डबे आले, मग मोटारीच्या ट्यूबा आल्या. साधने बदलली, पण वर बसलेला माणूस सर्वत्र होता. मला आठवते, एकदा आमच्यातल्या एकाच्या नाकातोंडात पाणी गेले आणि तो गटांगळ्या खाऊ लागला. दुसरा मामेभाऊ उडी घालायला धावला तर मामा त्याच्यावर खेकसला, "तू कशाला मरतोस? बस खाली!" आणि त्याने शांतपणे दोर ओढला.

या शाळेचे गोडवे गाताना तिचे दोषही सांगितले पाहिजेत. ती सर्वांना खुली नव्हती. ज्यांना गावच्या पाण्याला शिवण्याची बंदी होती, ज्यांच्यासाठी १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला, त्यांची मुले या विहिरीत कशी शिकणार? आणि मुलींना तर कोणीच शिकविले नाही. धुणे घेऊन नदीवर जाणार त्या, हंडा घेऊन जाणार त्या, पाण्याशी जन्मभराचा संबंध त्यांचा. पण पाय घसरला तर हात मारावयाचे कसे हे त्यांना ठाऊक नसे. आजही लेकराच्या मागे आई पाण्यात उतरते आणि दोघेही जातात, अशा बातम्या आपण वाचतो, त्यांचे मूळ येथे आहे.

आता नदी. धरणे होण्यापूर्वीची प्रवरा डोळ्यांसमोर आणा. ती उगम पावते रतनगडाच्या परिसरात, सह्याद्रीच्या ऐन कड्याशी. घाटघर-रतनवाडीकडे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. नगर शहरात पाचसहाशे. म्हणजे पाऊस अकोल्याचा आणि पूर नेवाशाचा. नेवाशाला आकाश निरभ्र असताना नदी चढावी, हे त्या लोकांना नवल नव्हते. आषाढापासून आश्विनापर्यंत नदीला कोणी नादी लागत नसे. दिवाळीनंतर पाणी निवळे, संक्रांतीपुढे उतार पडत, आणि चैत्र-वैशाखात नदी म्हणजे वाळूचा पट्टा व मधूनमधून डोह. पोरे उतरत ती या दिवसांत. पाणी उभे असे, ओढ नसे, तळ ठाऊक असे. भय होते ते डोहांचे, आणि त्यांची खूण गावाने करून ठेविलेली होती. डोहाच्या काठी शेंदूर फासलेले सात दगड मांडलेले आपण पाहिले असतील. त्या साती आसरा. भर दुपारी आणि तिन्हीसांजेला तिकडे फिरकू नये, आसरा ओढून नेतात, असे आजी सांगे. सुशिक्षितांनी या समजुतीची पुष्कळ थट्टा केली, मीही तरुणपणी केली. आज वाटते, आसरांवर श्रद्धा असो वा नसो, ते सात दगड ज्या ठिकाणी मांडले होते ते ठिकाण बहुधा चुकीचे नव्हते. भर दुपारी काठावर माणूस नसतो. तिन्हीसांजेला पाण्यातले दिसत नाही. धोक्याची पाटी लिहिता-वाचता न येणाऱ्या समाजाने दगडांनी लिहिली होती. दुर्दैव एवढेच की, पुढे डोह हलले आणि दगड तेथेच राहिले.

डोह हलले ते कसे, हे सांगण्यापूर्वी एक जुनी आठवण करून देतो. वरच्या अंगाचे पाणी अचानक सुटले म्हणजे काय होते, याचा सर्वांत प्रसिद्ध दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. १६२४ साली मोगल व आदिलशाही फौजा नगरनजीक भातोडीला तळ देऊन असताना मलिक अंबराने भातोडीच्या तलावाचा बांध फोडला. छावणीत पाणी शिरले, चिखल झाला, घोडी-तोफा अडकल्या, आणि मग अंबराने व शहाजीराजांसारख्या त्याच्या सरदारांनी ती फौज मोडून काढली. शहाजीराजांचे बंधू शरीफजी त्या लढाईत पडले. पाणी कोणी तरी वर बसून सोडतो आणि खाली असलेल्याला ते कळत नाही, या गोष्टीला आपल्याकडे असा चारशे वर्षांचा इतिहास आहे. त्या वेळी ते वैऱ्याने सोडले होते. आता ते आपल्याच हितासाठी सुटते, आपल्याच उसासाठी सुटते. खाली उभ्या असलेल्याच्या दृष्टीने फरक फारसा नाही.

१८८४ च्या जिल्हा गॅझेटियरात पाटबंधाऱ्यांची कामे म्हणून भातोडीचा तलाव, ओझरचा कालवा, लाखचा कालवा एवढीच नावे ठळक दिसतात. नदी अद्याप आपल्या मर्जीने वाहत होती. मग १९१० साली भंडारदऱ्याला धरणाचे काम सुरू झाले आणि १९२६ च्या डिसेंबरात गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते ते खुले झाले. उंची सुमारे ८२ मीटर, म्हणजे पावणेतीनशे फुटांच्या आसपास, आणि साठा अकरा अब्ज घनफूट. दगडी बांधकामाचे एवढे उंच धरण त्या काळी देशात अपूर्व होते. तेथून सोडलेले पाणी नदीच्याच पात्रातून ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत येते आणि तेथून दोन्ही काठांच्या कालव्यांत वळते. या पाण्याने प्रवरेचे खोरे पालटले. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तो या पाण्यावर. पुढे मुळा धरण झाले, १९७६ साली जायकवाडीचा नाथसागर भरून शेवगाव-नेवाशाच्या शिवारांपर्यंत आला, आणि अलीकडे, २०२३ साली, निळवंड्याच्या कालव्यातून पाणी वाहू लागले. ज्या दुष्काळी गावांनी पिढ्यान्‌पिढ्या टँकरची वाट पाहिली त्यांच्या शेताकडेने पाट वाहू लागला. हा आनंदाचाच भाग आहे, त्याला मी गालबोट लावीत नाही.

पण पोहणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर काय झाले? नदीचे पंचांग उलटे झाले. ज्या वैशाखात नदी निजलेली असावयाची, त्याच वैशाखात आवर्तन सुटते, आणि नदी दुथडी नसली तरी जोमाने वाहू लागते. सकाळी गुडघाभर असलेले पाणी दुपारी छातीला लागते. पूर आला की नदी गढूळ होते, गर्जना करते, झाडझुडूप वाहून आणते. ती आपल्याला सूचना देते. आवर्तनाचे पाणी वरून स्वच्छ आणि सौम्य दिसते. त्याला पुराचे रूप नसते, फक्त पुराची ओढ असते. आणि ओढीचा हिशेब आपल्या अंदाजाच्या पलीकडचा असतो : पाण्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा रेटा चौपट होतो. काल ज्या उतारावरून पोरगे हसत पलीकडे गेले, तेथेच आज त्याचे पाय उचलले जातात, याचे कारण हे.

दुसरा बदल तळाचा. प्रवरा, मुळा, गोदावरी, घोड यांच्या पात्रांतून ट्रकाच्या ट्रक वाळू उचलली गेली. वाळूचा उपसा झाला तेथे दोनतीन पुरुष खोल खड्डे पडले, आणि पाणी आले की ते झाकले गेले. जुना डोह आजोबांना ठाऊक होता. हा नवा डोह गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात यंत्राने केलेला असतो आणि त्याच्या काठी सात दगड नसतात. कमरेइतक्या पाण्यात चालणारे पोर एक पाऊल टाकते आणि नाहीसे होते. 'पायाखालची वाळू सरकणे' हा आपला वाक्प्रचार अक्षरशः खरा ठरतो.

तिसरा बदल बंधाऱ्यांचा, आणि येथे थोडे थांबले पाहिजे, कारण याविषयी सुशिक्षितही अजाण आहेत. नद्यांवर ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे झाले. पावसाळा सरला की त्यांच्या गाळ्यांत बरगे बसवितात, पाणी अडते, आणि वरच्या अंगाला एक सुंदर, निश्चल तळे तयार होते. मुलांना वाटते, पोहायला याहून चांगली जागा कोणती? पण एखाद्या गाळ्यातला बरगा निघालेला असला तर सारे पाणी तिकडे ओढ घेते, आणि वरून ते दिसत नाही. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाचा प्रकार तर अधिक फसवा आहे. भिंतीवरून पडणारे पाणी तळाशी जाऊन आदळते, आणि थोडे पुढे जाऊन वर येते. वर आलेल्या पाण्याचा काही भाग पुन्हा मागे, भिंतीकडेच, फिरतो. म्हणजे तेथे पाण्याचा एक रहाट सुरू असतो. त्यात पडलेले ओंडके तुम्ही पाहिले असतील : तासन्‌तास तेथेच गरगरतात, पुढे जात नाहीत. माणसाचेही तसेच होते. तो वर येतो, भिंतीकडे ओढला जातो, धारेखाली दाबला जातो, पुन्हा वर येतो. त्या फेसात हवा मिसळलेली असते, म्हणून ते पाणी माणसाला नेहमीसारखे तरंगवीत नाही. नावसुद्धा खालून भिंतीजवळ गेली तर हे परतणारे पाणी तिला आत ओढते. तीनचार फूट उंचीची धार पाहून कोणाला भय वाटत नाही, हाच तिचा धोका. पट्टीच्या पोहणाऱ्याचे कसब येथे कामी येत नाही, कारण पोहण्याचे सारे शिक्षण 'पाणी एका दिशेने जाते' या गृहीतावर उभे आहे.

कालवा आणि शेततळे यांविषयी थोडक्यात सांगतो. अस्तर केलेल्या कालव्याची बाजू उतरती, गुळगुळीत आणि शेवाळलेली. हाताला धरावयाला गवताची काडी नाही. शेततळे तर याहून वाईट. गेल्या काही वर्षांत आपल्या जिल्ह्यात हजारो शेततळी झाली. त्यांना घातलेला कागद ओला झाला की साबणासारखा होतो. त्यात ओढ नाही, भोवरा नाही, पाणी शांत. पण आत गेलेला चांगला पोहणारा बाहेर येऊ शकत नाही, चढतो आणि घसरतो, चढतो आणि घसरतो, आणि शेवटी दमतो. गाठी मारलेला एक दोर काठावरच्या खुंटाला बांधून आत सोडून ठेवला, तर त्याला धरून वर येता येते. दोराचा खर्च कागदाच्या खर्चापुढे यत्किंचितही नाही. तरी दहांतल्या किती शेततळ्यांवर तो दिसतो, हे आपण गावी गेलात म्हणजे पाहा.

आता मी २०२४ सालाकडे येतो. त्या वर्षीचा वसंत आपल्या जिल्ह्याला दोनदा एकच गोष्ट सांगून गेला.

पहिली घटना नेवासे तालुक्यातल्या वाकडीची. ९ एप्रिल, गुढीपाडवा. बायोगॅसच्या मळीने भरलेल्या एका जुन्या विहिरीत मांजर पडले. त्याला काढायला एक जण उतरला, तो वर आला नाही. त्याला काढायला दुसरा, दुसऱ्याला काढायला तिसरा. असे पाच जण गेले. हे पोहण्याचे मरण नव्हे, विषारी हवेचे आणि मळीचे आहे, हे मला मान्य. पण माणसे ज्या क्रमाने गेली तो क्रम लक्षात घ्या. सहावा जो उतरला, त्याच्या कमरेला दोर होता. तो वाचला.

दुसरी घटना सहा आठवड्यांनी, अकोले तालुक्यात सुगाव बुद्रुक येथे. २२ मे रोजी प्रवरेत पोहायला उतरलेले दोन तरुण बुडाले. दुसऱ्या दिवशी सकाळी धुळ्याहून राज्य आपत्ती प्रतिसाद दलाचे पथक शोधासाठी आले. त्यांची एक नाव भोवऱ्यात सापडून उलटली. दलाचे तीन जवान बुडाले, आणि वाट दाखवायला त्यांच्याबरोबर गेलेला गावचा एक माणूसही. त्या दिवसाचा पंचनामा करणे हे माझे काम नव्हे, आणि जे कर्तव्य करताना गेले त्यांच्याविषयी मी केवळ मस्तक लववू शकतो. मला एवढेच दाखवावयाचे आहे की, ज्यांचे शिक्षणच पाण्यातले, ज्यांच्याजवळ नाव होती, साधने होती, त्यांनाही हे नवे पाणी आटोपले नाही. मग कपडे काठावर टाकून सूर मारणाऱ्या मुलाची काय कथा?

'पोहणारा पाण्यातच मरतो' अशी आपल्याकडे म्हण आहे. तिचा अर्थ आपण बहुधा गर्वाचा लावतो. माझ्या मते त्यात दुसरा अर्थही आहे : पोहणाराच दुसऱ्याला वाचवायला उडी घेतो. दुसरी म्हण, 'बुडत्याला काडीचा आधार'. बुडणारा माणूस हाताला लागेल ते धरतो, ही त्यातली खरी माहिती आहे. तो वाचवणाऱ्याच्या गळ्याला मिठी मारतो आणि त्याला खाली दाबून स्वतः वर येऊ पाहतो. तो कृतघ्न नसतो, त्या क्षणी तो विचारच करीत नसतो. मग त्याला काडीच द्यावी, आपला गळा देऊ नये. काठी, वेळू, दोर, धोतर, फेटा, साडी, हवा भरलेली ट्यूब, झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन, काहीही फेकावे, आणि स्वतः पालथे पडून काठावरूनच ओढावे. तामिळनाडूतल्या पेरंबलूर जिल्ह्यात, कोट्टरै धरणापाशी, २०२० च्या ऑगस्टात चार मुले बुडू लागली. धुणे धूत असलेल्या तीन स्त्रियांनी अंगावरच्या साड्या सोडून पाण्यात फेकल्या. दोघे मुलगे साड्या धरून वर आले, दोघे गेले. त्या तिघींचा राज्य शासनाने सत्कार केला. सत्कार तर झालाच पाहिजे. पण आपल्या मुलींना-सुनांना ही युक्ती आधीच ठाऊक असावी, हेही झाले पाहिजे.

आणि बुडणारा ओरडतो, हात हालवतो, ही नाटक-सिनेमातली कल्पना आपण सोडली पाहिजे. ज्याला श्वास घ्यायला सवड नाही, तो ओरडणार कसा? तो बहुधा मुकाट्याने, उभ्याउभ्याच, तोंड वर करून खाली जातो, आणि हे सारे मिनिटाभरात होते. शेजारी हसत-खिदळत असलेल्या मित्रांना पत्ताही लागत नाही. म्हणूनच काठावर एक माणूस असा हवा की जो पोहत नाही, गप्पा मारीत नाही, खिशातले यंत्र काढून चित्रे घेत नाही. केवळ डोकी मोजतो. मामा तेच करीत असे. आम्हांला वाटे, तो आळशी आहे.

बाहेर काढलेल्या माणसाचे काय करावयाचे, याचाही इतिहास आहे आणि तो मनोरंजक आहे. कालव्यांचे शहर ॲम्स्टरडॅम. तेथे १७६७ साली काही नागरिकांनी बुडालेल्यांना वाचविण्यासाठी एक मंडळीच स्थापिली. तिचे वृत्तान्त वाचून लंडनमधील डॉक्टर विल्यम हॉझ व टॉमस कोगन यांनी १७७४ साली तशीच संस्था काढली. बुडालेला माणूस दिसतो मेलेला, पण मेलेला असतोच असे नाही, हे त्यांनी लोकांना पटविले. वाचवणाऱ्याला ते बक्षीस देत. इतकेच नव्हे तर बुडालेल्याला आपल्या घरात घेणाऱ्यालाही देत, कारण प्रेत घरात आणल्याचा बभ्रा होईल या भीतीने लोक दारे लावून घेत. आपल्याकडचा पोलिसांच्या चौकशीचा धाक आठवा, म्हणजे लंडन फार दूरचे वाटणार नाही! त्या काळी बुडालेल्याला पिंपावर लोळवीत. आपल्याकडे पालथे घालून पोट दाबीत, पाय धरून उलटे करीत. आजचे वैद्यक हे सारे नको म्हणते. पोटातले पाणी काढण्यात जो वेळ जातो, त्यात मेंदूचा प्राणवायू संपतो. तोंडाने तोंडात श्वास देण्याची पद्धत १९५० नंतरच्या दशकात शास्त्राने सिद्ध झाली, आणि १९६० साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे छाती दाबून हृदय चालू ठेवण्याची रीत प्रसिद्ध झाली. श्वास थांबलेला असेल तर आधी तोंडाने श्वास द्यावा, मग छातीच्या मध्यावर जोराने व भराभर दाबावे, पुन्हा श्वास द्यावा, आणि वैद्यकीय मदत येईतो थांबू नये. ही रीत एका दुपारी शिकता येते. जो शुद्धीवर आला त्यालाही डॉक्टरांना दाखवावे. फुप्फुसात गेलेले पाणी काही तासांनी त्रास देते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून गेली. संयुक्त राष्ट्रांनी त्याच वर्षापासून २५ जुलै हा दिवस बुडण्याला आळा घालण्यासाठी राखून ठेवला. आपल्या जिल्ह्याला मात्र जुलैची तारीख उशिराची पडते. आपले दिवस एप्रिल-मेचे, आणि नंतर गणेशविसर्जनाचे. विसर्जनाच्या वेळी तर डोकी मोजायला कोणीच नसते.

शेवटी एक लहानशी गोष्ट. पूर्वी गावाला पाण्याची वार्ता कोतवालाच्या दवंडीने कळे. आता आवर्तन कधी सुटणार हे शेतकऱ्याला चांगले ठाऊक असते, कारण पाणी मिळावे म्हणून त्याला सात नंबरचा अर्ज भरावा लागतो, पाटकऱ्याकडे खेपा घालाव्या लागतात. घराघरांत त्या तारखेची चर्चा होते, रात्री कोणी दारे धरावयाचे ते ठरते. गेल्या वैशाखात मी आजोळी गेलो होतो. ओसरीवर मामेभाऊ हीच चर्चा करीत बसला होता आणि पुण्याहून सुट्टीला आलेला त्याचा नातू टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर पडत होता. आजोबांच्या खिशात सात नंबरचा कागद होता. नातू दारातून वळून विचारीत होता, "आबा, नदीला पाणी आलंय म्हणतात, एवढ्या उन्हाळ्यात कसं काय?" मामेभावाने त्याला हाक मारून माघारी बोलाविले, आणि मग आम्ही तिघेही माळ्यावर दोर शोधू लागलो.